गहाणखत, मुदत आणि वकील : नागपुरातील घर सोडवण्याचा इतिहास

कर्जापोटी गहाण पडलेले घर ठरलेल्या मुदतीत सोडवता आले नाही तर ते कायमचे सावकाराच्या पदरी पडावे काय, आणि पडायचेच असेल तर ते कोणी, किती अवधी देऊन आणि कोणासमोर ठरवावे, हा प्रश्न धर्मशास्त्राइतका जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात गहाणाला ‘आधि’ म्हटले असून त्याचे नियम मोजक्या शब्दांत घालून दिले आहेत : कर्जाची रक्कम व्याजाने दुप्पट झाली आणि तरीही गहाण सोडवले गेले नाही तर ते बुडते, मुदत ठरवून ठेवलेले गहाण ती मुदत संपताच बुडते, मात्र ज्याचे उत्पन्न सावकार खात राहतो, असे भोग्य गहाण कधीच बुडत नाही. आधुनिक कायद्याने याच तीन शक्यतांभोवती आपली कलमे रचली. नागपूरच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांत गहाण सोडवण्याच्या हक्काचे तत्त्व फारसे बदललेले दिसत नाही. बदलत गेले ते हा हक्क बजावण्याचे ठिकाण, आणि त्या ठिकाणी सावकाराने आधी जायचे की ऋणकोने, हा क्रम. कर्जबाजारी घरमालकाला वकिलाची गरज केव्हा पडते, आणि वकील त्याच्यासाठी नेमके काय करू शकतो, हे प्रत्येक कालखंडात या क्रमावरूनच ठरत आले आहे.

भोसल्यांच्या राज्यात या प्रश्नाचा आवाका मर्यादित होता, कारण गहाण ठेवण्याजोगी स्थावर मालमत्ताच थोडी होती. नागपूर राज्यातील पाटील हा गावाचा मालक नव्हता. तो सरकारशी साऱ्याचा करार करून गाव वहिवाटणारा मक्तेदार होता, आणि त्याचा करार अल्प मुदतीचा असल्यामुळे त्याच्या गावावर विसंबून मोठी रक्कम उसनी देणे पेढीवाल्यांना धोक्याचे वाटत असे. त्यामुळे सावकारी चाले ती प्रामुख्याने उभे पीक, दागिने, गुरे आणि शहरातील घरे यांच्या आधारावर. महालातील वाडा किंवा इतवारीतील दुकान गहाण पडले आणि वाद झाला, तर तो पंचायतीपुढे किंवा राजाच्या अधिकाऱ्यांपुढे जाई. तेथे पक्षकाराच्या वतीने बोलणारा माणूस असू शके; पण परीक्षा देऊन, सनद घेऊन, ठरावीक न्यायालयात उभा राहणारा वकील हा वर्ग तेव्हा अस्तित्वात नव्हता.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले, आणि १८६१ मध्ये नागपूर प्रांत व सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत बनवण्यात आला. या प्रांताच्या पहिल्या मोठ्या जमाबंदीत, म्हणजे १८६० च्या दशकात, सरकारने पाटलांना व इतर मक्तेदारांना गावाची मालकी बहाल केली. अशा मालकास मालगुजार म्हणत. त्याने सरकारला सारा भरायचा आणि कुळांकडून खंड घ्यायचा. जुन्या, भरभक्कम कुळांपैकी काहींना ‘मालिक मकबूजा’ हा स्वतंत्र मालकीचा दर्जा मिळाला, तर इतरांना मौरूसी, म्हणजे वंशपरंपरेने जमीन कसण्याचा, हक्क मिळाला. मालकी देताना तिच्याबरोबर गहाण ठेवण्याची आणि विकण्याची मोकळीकही देण्यात आली, आणि या निर्णयाचे परिणाम तो घेणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा फार दूरवर गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढलेले होते, १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोचला, जमिनीला बाजारभाव आला, आणि ज्या पाटलाला काल कोणी शंभर रुपये उसने देताना विचार केला असता, त्याच्या गावाच्या गहाणावर आज हजारोंची रक्कम सहज मिळू लागली. कामठी-नागपूरची बन्सीलाल अबीरचंद ही डागा घराण्याची पेढी या काळातील मोठ्या पेढ्यांपैकी एक होती. शहराच्या मध्यावरील कस्तुरचंद पार्क याच घराण्यातील सर कस्तुरचंद डागा यांच्या नावाने ओळखला जातो.

गहाणाच्या कायद्याला निश्चित रूप आले ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने. हा अधिनियम प्रारंभी मुंबई इलाखा, पंजाब व ब्रह्मदेश वगळून लागू झाला, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या सुमारे दहा वर्षे आधी नागपूरच्या न्यायालयांना त्याची कलमे पाठ करावी लागली. त्याने गहाणाचे प्रकार निरनिराळे पाडले. नजरगहाणात मालमत्तेचा ताबा ऋणकोकडेच राहतो आणि कर्ज न फिटल्यास सावकाराला न्यायालयामार्फत विक्री मागता येते. ताबेगहाणात ताबा सावकाराकडे जातो आणि उत्पन्नातून व्याज किंवा मुद्दल वळते होत राहते; स्मृतिकारांचे भोग्य गहाण ते हेच. तिसरा प्रकार सशर्त विक्रीचा, ज्याला मराठी मुलखात ‘गहाण लहाण’ म्हणत : कागदावर विक्री, पण अमुक मुदतीत पैसे परत केल्यास ती रद्द, आणि न केल्यास पक्की. या तिसऱ्या प्रकारातच सावकार विक्री न मागता, ऋणकोचा सोडवणुकीचा हक्क कायमचा नष्ट झाल्याचे जाहीर करून मागू शके, आणि घरावरचा खरा घाला होता तो हाच.

गहाण लहाणाची मुदत टळली की मालमत्ता आपोआप सावकाराची होते काय, यावर न्यायालयांत एकमत नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये रामजी विरुद्ध चिंतो या प्रकरणात इंग्लंडमधील समन्यायाच्या तत्त्वाचा आधार घेऊन, मुदत टळली तरी ऋणकोला पैसे भरून मालमत्ता परत घेता येते असे ठरवले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७० मध्ये मद्रासच्या एका अपिलात याच्या उलट मत देऊन करारातील शब्द हेच प्रमाण मानले. १८८२ च्या अधिनियमाने हा वाद ऋणकोच्या बाजूने मिटवला, कारण त्याच्या ६० व्या कलमानुसार, न्यायालयाचा हुकूम होऊन हक्क संपुष्टात येईपर्यंत, पैसे भरून गहाण सोडवण्याचा अधिकार कायम राहतो. सावकाराला दावा लावणे भाग पडले. न्यायालय हिशेब करून रक्कम ठरवी, ती भरण्यास सामान्यतः सहा महिन्यांची मुदत देई, आणि त्या मुदतीतही भरणा झाला नाही तरच अंतिम हुकूम होई. योग्य कारण दाखवल्यास ही मुदत वाढवूनही मिळे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ही सारी कार्यपद्धती ३४ व्या आदेशात एकत्र करण्यात आली, आणि तिने वापरलेले ‘प्राथमिक हुकूमनामा’ व ‘अंतिम हुकूमनामा’ हे शब्द न्यायालयात नेहमी जाणाऱ्या कुटुंबांच्या बोलण्यात रुळले.

या व्यवस्थेत ऋणकोच्या वकिलाचे मुख्य भांडवल होते वेळ. सावकार वादी असल्यामुळे कर्ज सिद्ध करण्याचा, हिशेब मांडण्याचा आणि सर्व हक्कदारांना पक्षकार करण्याचा बोजा त्याच्यावर असे, आणि यांपैकी प्रत्येक ठिकाणी प्रतिवादीच्या वकिलाला हरकत घेण्यास जागा होती. अज्ञान भावाची सही नाही, विधवेचा हिस्सा धरलेला नाही, वडिलांनी घेतलेले कर्ज कुटुंबाच्या गरजेसाठी नव्हते, अशा तक्रारींवर दावे वर्षानुवर्षे चालत. त्यातील काही तक्रारी खऱ्या असत आणि काही केवळ लांबणीसाठी, हे त्या काळातील न्यायाधीशही जाणून होते. मुदतीच्या कायद्याने गहाण सोडवण्याच्या दाव्याला ६० वर्षांचा अवधी दिलेला होता. त्यामुळे आजोबांनी ताबेगहाण दिलेले घर नातवाने मागावे आणि त्यासाठी वकिलाने पेटीच्या तळाशी पडलेले गहाणखत हुडकून काढावे, हे अपवादात्मक नव्हते. १९६३ च्या मुदत अधिनियमाने हा अवधी ३० वर्षांवर आणला.

गावे गहाण पडत असताना मध्य प्रांताने एक खास स्थानिक संरक्षण निर्माण केले, आणि ते न समजणारा वकील नागपूरच्या न्यायालयात निरुपयोगी ठरे. मालगुजाराच्या स्वतःच्या कसणुकीतील जमिनीस ‘सीर’ म्हणत. १८९८ च्या कूळ कायद्याने असे ठरवले की गावाची मालकी गेली, तरी सीर जमीन कसण्याचा हक्क मालगुजाराकडे मौरूसी कूळ म्हणून राहील, आणि हा काश्तहक्कसुद्धा गहाण किंवा विक्रीत द्यायचा असेल तर महसूल अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. त्यामुळे ‘काश्तहक्कासह’ हा एक शब्द दस्तात आहे की नाही, आणि असल्यास परवानगी घेतलेली आहे की नाही, यावर एखाद्या घराण्याचे पुढच्या पिढीचे पोट अवलंबून राहू लागले. गाव हरलेला मालगुजार त्याच गावात, त्याच वाड्यात, आता नव्या मालकाचे कूळ म्हणून राहत असे.

हे सारे समजावून सांगणारा माणूस कोठे भेटे? मध्य प्रांताच्या सुरुवातीच्या दशकांत तहसीलदार व डेप्युटी कमिशनर हेच महसुलाबरोबर दिवाणी दावेही ऐकत, आणि त्यांच्या कचेऱ्यांच्या आवारात पक्षकाराची पहिली गाठ पडे ती अर्जनवीसाशी, म्हणजे मोबदला घेऊन अर्ज व दस्त लिहिणाऱ्या लेखकाशी. त्याच्यावर मुखत्यार असे, ज्याला काही ठरावीक कामांपुरते पक्षकाराच्या वतीने हजर राहता येई. आणि त्याच्यावर सनदी वकील. १८७९ च्या विधी व्यवसायी अधिनियमाने या श्रेणींना कायद्याची चौकट दिली. याच अधिनियमात १८९६ मध्ये दलालांविषयीचे कलम नव्याने घालण्यात आले : मोबदला घेऊन अशील मिळवून देणाऱ्यांची यादी करावी, आणि ती न्यायालयात सर्वांना दिसेल अशी टांगावी. यादी टांगण्याची वेळ आली, यावरून हा धंदा किती बोकाळला होता हे कळते. गहाणाच्या दाव्याचे समन्स घेऊन काटोल, उमरेड किंवा रामटेककडून आलेला माणूस नागपूरच्या कचेरीच्या फाटकापाशीच गाठला जाई, आणि तो कोणत्या वकिलाकडे पोचेल हे त्याच्या निवडीपेक्षा फाटकावरच्या माणसाच्या टक्केवारीवर ठरे.

वरच्या पायरीवर मात्र नागपुरात एक समर्थ वकीलवर्ग उभा राहिला. बिपिन कृष्ण बोस हे बंगालमधून आलेले वकील १८७० च्या दशकात येथे स्थायिक झाले आणि पुढे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांचे नातू व्हिव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. गहाणाच्या विषयात अधिक महत्त्वाचे नाव हरिसिंग गौर यांचे. सागरला जन्मलेल्या आणि मध्य प्रांतातच वकिली केलेल्या गौर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यावर विस्तृत भाष्यग्रंथ लिहिला, आणि तो देशभरातील न्यायालयांत वापरला गेला. मालगुजारी मुलखातील वकिलाने हा विषय निवडावा, यात योगायोगापेक्षा व्यवसायाचा रेटा अधिक होता असे मानावयास हरकत नाही, कारण या प्रांताच्या दिवाणी न्यायालयांपुढे गहाणाचे दावे अखंड येत होते. वरिष्ठ न्यायालय म्हणून नागपुरास प्रथम ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय होते. ९ जानेवारी १९३६ रोजी त्याच्या जागी उच्च न्यायालय आले, सर गिल्बर्ट स्टोन त्याचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले, आणि हेन्री मेड यांनी आखलेल्या सिव्हिल लाइन्समधील घुमटाच्या इमारतीचे उद्घाटन जानेवारी १९४० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी केले.

या इमारतीचा आराखडा होत असतानाच तिच्या कक्षेतून एक मोठा विषय बाहेर काढला जात होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी प्रांत आधीच खिळखिळा झाला होता. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले, आणि चढ्या भावाच्या काळात घेतलेली कर्जे पडत्या भावात फेडणे अशक्य झाले. मध्य प्रांताने १९३३ मध्ये कर्ज तडजोड अधिनियम केला. देशात या धर्तीचा तो पहिला कायदा होता आणि पंजाब व बंगाल यांनी नंतर त्याचेच अनुकरण केले. त्याखाली नेमलेली मंडळे ऋणको व सावकार यांना समोरासमोर बसवून कर्जाची रक्कम कमी करून हप्ते बांधून देत, आणि वाजवी तोडगा नाकारणाऱ्या सावकाराला नंतर न्यायालयात दाव्याचा खर्च व पुरते व्याज मिळणे कठीण होई. १९३४ चा सावकारी कायदा आणि १९३९ चा कर्जनिवारण कायदा यांनी हीच दिशा पुढे नेली. परंतु या संरक्षणाचा रोख शेतीवर पोट असणाऱ्यांकडे होता. महालातला कारकून, इतवारीतला विणकर किंवा एम्प्रेस मिलमधला कामगार यांच्या गहाण पडलेल्या घरावर जुना ३४ वा आदेशच चालत राहिला. शेतकऱ्याचे राहते घर सामान्य जप्तीपासून वाचवणारी तरतूद दिवाणी संहितेत होती, पण शहरातील घराला तशी ढाल नव्हती, आणि घरच गहाण दिलेले असेल तर शेतकऱ्यालाही ती उपयोगी पडत नसे. शहरी घरमालकाच्या अडचणीकडे कायदेमंडळाचे दुर्लक्ष झाले, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, गावांचे गहाण इतिहासजमा झाले, पण घरांचे झाले नाही.

घरांचे कागद मात्र या काळात अधिकच गुंतागुंतीचे होत गेले. भोसल्यांच्या राज्याकडून इंग्रज सरकारकडे आलेल्या शहरी जमिनी ‘नझूल’ म्हणून ओळखल्या गेल्या आणि त्यांवर बहुधा ३० वर्षांचे भाडेपट्टे देण्यात आले. १९३६ च्या अधिनियमाने नागपूर सुधार प्रन्यास स्थापन झाला आणि त्यानेही आखलेले भूखंड भाडेपट्ट्यानेच दिले. अशा भूखंडावरील घर गहाण ठेवायचे तर पट्टा देणाऱ्याची संमती, पट्ट्याचे नूतनीकरण आणि शहर भूमापन कार्यालयातील आखीव पत्रिका, म्हणजे मालमत्तेचे नोंदपत्रक, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. शहराच्या कडेने शेतजमिनी कापून परवानगीविना पाडलेल्या शेकडो अभिन्यासांचा प्रश्न वेगळाच. ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनी ते नागपुरात ओळखले जातात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याची वाट काढली, आणि तेव्हापासून ‘आरएल’, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, हाती असल्याशिवाय बँका सहसा गृहकर्ज देत नाहीत. अडचणीत आलेल्या घरमालकाला स्थानिक वकीलच का लागतो, याचे उत्तर मुख्यतः या कागदांत आहे. गहाणाचा केंद्रीय कायदा मुंबईचा किंवा दिल्लीचा वकीलही जाणतो, पण पट्ट्याची संमती नसताना झालेले गहाण कोठे लंगडे पडते, हे नझूल व प्रन्यासाच्या कचेऱ्यांत वावरलेल्यालाच चटकन दिसते.

ज्यांच्या हाती आरएल नाही, ते खाजगी सावकाराकडे जातात, आणि तेथे जुने गहाण लहाण नव्या वेशात भेटते. सावकार गहाणखताऐवजी थेट नोंदणीकृत खरेदीखत करून घेतो आणि पैसे फिटल्यावर घर परत लिहून देण्याचे तोंडी वचन देतो. १९२९ च्या दुरुस्तीने सशर्त विक्रीची अट त्याच दस्तात लिहिलेली असल्याशिवाय व्यवहार गहाण मानता येणार नाही असे ठरवले, त्यामुळे या तोंडी वचनावर दिवाणी न्यायालयात फारसे काही उभे राहत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमाने येथे दुसरी वाट दिली : सावकारीच्या ओघात गेल्या १५ वर्षांत बळकावलेल्या स्थावर मालमत्तेबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते, आणि चौकशीत व्यवहार कर्जाचाच होता असे दिसल्यास दस्त अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश निघू शकतो. येथे वकिलाचे काम कायद्यापेक्षा पुराव्याचे असते, कारण बँकेतील नोंदी, व्याजाच्या चिठ्ठ्या आणि खरेदीनंतरही ऋणकोच घरात राहत असल्याची कर-पावती यांवरच सारे अवलंबून असते.

बँकेच्या कर्जात मोठा पालट २००२ मध्ये झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, उच्च न्यायालय जाऊन मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले, तरी गहाणाच्या दाव्याची रीत बदललेली नव्हती. बँकेलाही दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागे. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९३ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणे आली, तीही बँकेने अर्ज करण्याच्या तत्त्वावरच. २००२ च्या सरफेसी अधिनियमाने, म्हणजे तारणावरील हक्क न्यायालयाविना बजावण्याची मुभा देणाऱ्या कायद्याने, हा क्रम उलटवला. हप्ते ९० दिवस थकून खाते अनुत्पादक ठरले की बँक ६० दिवसांची मागणी-नोटीस देते. ऋणकोने हरकत घेतल्यास १५ दिवसांत तिला कारणांसह उत्तर द्यावे लागते. आणि ६० दिवस उलटताच तिचा अधिकृत अधिकारी घरावर ताब्याची नोटीस चिकटवतो व ती दोन वृत्तपत्रांत, त्यांपैकी एका स्थानिक भाषेतील, छापून आणतो. याला प्रतीकात्मक ताबा म्हणतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निर्णयानंतर निर्विवादपणे मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडेही, जाऊ शकते. या कायद्यात आता दाद मागायला जायचे असते ते ऋणकोने : ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांत, कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे. दिवाणी न्यायालयाचे दार या बाबतीत जवळजवळ बंद आहे, आणि उच्च न्यायालयाने रिट याचिकांत सहसा हात घालू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले आहे.

मूळ कायद्यात ऋणकोला दाद मागण्यापूर्वीच मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागे. ८ एप्रिल २००४ रोजी मर्दिया केमिकल्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अधिनियम वैध ठरवला, पण ही अट घटनाबाह्य म्हणून रद्द केली. ती राहिली असती तर नागपुरातील घरमालकाला वकील असणे-नसणे सारखेच झाले असते. अपिलाच्या पायरीवर ५० टक्के, आणि न्यायाधिकरणाच्या मर्जीने किमान २५ टक्के, भरण्याची अट अजूनही आहे, आणि त्या अपिलासाठी मुंबईस जावे लागते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे की नाही, हा महाराष्ट्रात दीर्घकाळ चाललेला वाद मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात घटनापीठाने ५ मे २०२० रोजी बँकांच्या बाजूने संपवला, आणि नागरी बँकांतून गृहकर्ज घेतलेली कुटुंबेही याच मुदतींच्या फेऱ्यात आली.

वकिलाच्या कामाचे स्वरूप यामुळे पालटले. पूर्वी वेळ काढणे हे त्याचे बळ होते. आता वेळ प्रतिपक्षाच्या हाती आहे आणि वकिलाला ठरावीक दिवसांत दोष शोधावे लागतात. मागणी-नोटीस सर्व सहकर्जदारांना व जामीनदारांना मिळाली काय, ९० दिवसांची मोजणी बरोबर आहे काय, हरकतीला उत्तर दिले गेले काय, थकबाकी एकूण कर्जाच्या २० टक्क्यांहून कमी राहिली असताना कारवाई झाली काय, जमीन कायद्याने वगळलेली शेतजमीन आहे काय, मूल्यांकन केव्हा आणि कोणी केले, अशा प्रश्नांची उत्तरे त्याला कागदांतून काढायची असतात. शेतजमिनीच्या मुद्द्यात सातबाऱ्यावरील नोंद पुरेशी ठरत नाही, जमिनीचा प्रत्यक्ष वापरही पाहिला जातो. आणखी एक विसंगती येथे नोंदवण्याजोगी आहे. प्रत्यक्ष ताबा घेण्यासाठी दंडाधिकाऱ्याने वकिलाची आयुक्त म्हणून नेमणूक करावी काय, यावर मुंबई उच्च न्यायालयाने नकारार्थी मत दिले होते; फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले. त्यामुळे एकाच वकील संघातील एक सदस्य घर वाचवण्यासाठी न्यायाधिकरणात उभा असतो आणि दुसरा दंडाधिकाऱ्याचा हुकूम घेऊन त्याच घराचे कुलूप बदलण्यास येतो, असे घडू शकते.

अशा कामाचा वकील शोधणे आजही नावालौकिकावर, नातेवाइकांच्या सांगण्यावर आणि शेजारच्या अनुभवावरच चालते, कारण वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई केलेली आहे. २००८ पासून त्यांना स्वतःविषयीची मोजकी माहिती संकेतस्थळावर देता येते, एवढीच सवलत. ही बंदी दलालांच्या टांगलेल्या यादीच्याच वंशातली आहे, आणि तिचा हेतू कितीही चांगला असला, तरी घरावर नोटीस चिकटल्यावर प्रथमच न्यायालयाकडे वळणाऱ्या माणसाला ती अंधारात ठेवते. दिवाणी न्यायालयात उत्तम नाव असलेला वकील न्यायाधिकरणाच्या कामात नवखा असू शकतो, आणि हा फरक अशिलाला बहुधा ४५ दिवसांपैकी निम्मे संपल्यावर कळतो. फी परवडत नसल्यास १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची तरतूद त्यात आहे, आणि अधिनियमातील ‘न्यायालय’ या शब्दाच्या व्याख्येत न्यायाधिकरणेही येतात. गृहकर्ज अनेकदा पती-पत्नीच्या जोडनावावर असते, म्हणून ही तरतूद दिसते त्याहून अधिक घरांना उपयोगी पडू शकते.

घर सोडवण्याची शेवटची घटका कोणती, हा प्रश्नही या काळात नव्याने ठरवला गेला. १८८२ च्या अधिनियमाच्या धोरणानुसार विक्री पूर्ण होईपर्यंत हक्क जिवंत राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सरफेसी कायद्यालाही तेच तत्त्व लावले. २०१६ च्या दुरुस्तीने मात्र पूर्ण रक्कम भरून घर सोडवण्याची सीमा लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या दिवसापर्यंत मागे खेचली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या सीमेचा काटेकोर अर्थ लावला. लिलावात बोली लागण्याची वाट पाहून, शेवटच्या दिवशी पैसे उभे करून घर राखण्याचा जो मार्ग दिवाणी न्यायालयांच्या काळात नागपूरच्या वकिलांनी अशिलांसाठी अनेकदा वापरला, तो त्यामुळे बँकेच्या कर्जात बंद झाला. आता वकिलाला तडजोडीची रक्कम आणि ती भरण्याची तारीख बँकेशी लेखी ठरवून घ्यावी लागते ती वृत्तपत्रात लिलावाची जाहिरात येण्याच्या आधी.